समोर कुणी नसताना

माण तालुक्यातल्या जत्रेच्या फडात खोटी तयारी टिकत नाही. पैलवानाने कितीही शड्डू ठोकले तरी समोरच्याने पट काढला की सगळ्या गावाला दिसतं. कराटेतला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करणाऱ्याच्या समोर मात्र कुणीच नसतं. हल्ला मनातला, बचावही मनातला. वर उचललेला हात खरंच कुणाचा ठोसा अडवणार होता का, हे विचारणारी मी एकटीच उरते.

म्हसवडला मुलींना कराटे शिकवताना हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. माझा आवडता काता सांचिन. ओकिनावातल्या नाहाच्या कानर्यो हिगाओन्ना (1853-1915) यांनी तो शिष्यांकडून वर्षानुवर्षं घोटून घेतला. त्यांचेच शिष्य चोजुन मियागी यांनी पुढे गोजू-र्यू शैली उभी केली. बघणाऱ्याला सांचिनमध्ये काही घडतंय असं वाटतच नाही. मोजकी पावलं, आवळलेलं पोट, जमीन धरून ठेवणारे तळवे आणि श्वास, एवढंच. पहाटे एकटी असते तेव्हा हा श्वास खोल जातो. समोर पालक बसले की तोच घशातून वाजायला लागतो. ताकद तेवढीच, फक्त आवाज वाढलेला. हा वाढलेला आवाज कुणासाठी?

स्पर्धांवर माझा राग नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, ओकिनावाच्या र्यो कियुनांनी कातात सुवर्ण मिळवलं आणि दिवंगत आईचा फोटो हातात घेऊन ते पदक घ्यायला उभे राहिले. ते पाहून माझेही डोळे भरले होते. पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतं. पण ऑलिंपिकच्या कितीतरी आधीपासून काता होतेच. कराटेगुरू आंको इतोसूंनी तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांसाठी पिनान काता बसवले.

आमच्याकडे पदकाला वेगळं वजन आहे. पाऊस भरवशाचा नाही, शेती बेभरवशाची. इथल्याच मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, ही गोष्ट पालक माझ्याशी बोलताना हमखास काढतात. "मॅडम, दहावीला ग्रेस मार्क मिळतील ना?" असंही विचारतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पोरीच्या प्रवेशफीची नोट मोजून देणाऱ्या बापाला निष्काम साधनेचं प्रवचन द्यायचा मला काय अधिकार? पण पदकासाठी काता नुसता देखणा करायला शिकवलं, आणि उद्या एसटी स्टँडवर कुणी त्या पोरीचं मनगट धरलं तर? तिथे पंच नसतात. तेव्हा तिच्या हातात काय असेल, याचं उत्तर मला द्यावं लागेल, ग्रेस मार्कांना नाही.

म्हणून यंदा स्पर्धेला जायचंच, पण आधी प्रत्येक हालचाल जोडीदारासोबत करायची. एकीने मनगट घट्ट धरायचं, दुसरीने कातातल्याच हालचालीने ते सोडवायचं. सुटलं नाही तर ती हालचाल पुन्हा शिकवायची. वेळ जाईल, कदाचित एखादं पदकही जाईल. पालकांना हे मी आधीच सांगणार आहे. आणि पहिलं मनगट माझं धरलं जाईल, वर्गातल्या सगळ्यात ताकदवान पोरीकडून, सगळ्यांसमोर.