पहिल्या मैफलीला जाताना

अमरावती

चि. छोटीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, मला त्यातलं काही कळेल का?" आणि मी "जाऊन तर ये" म्हणून मोकळी झाले. तुझ्या मागे हॉस्टेलच्या पोट्टींचा एवढा कल्ला होता की नीट बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून हे पत्र. कागदावरचं तू दोनदा वाचशील, फोनवरचं अर्धंच ऐकतेस.

मैत्रिणीनं डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोहाचा पास मिळवला, हे ऐकून फार बरं वाटलं. ही तुझी पहिली मैफल, असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या हिवाळ्यात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर खासदार महोत्सवात तू घसा बसेपर्यंत गायलीस, नाचलीस, ती मैफलच होती. आमच्या पिढीतले काही लोक त्याला नाकं मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. पण तिथे गाणारा माणूस तू बहुतेक वेळ मोठ्या पडद्यावरच पाहिलास आणि गाणी सगळी आधीच पाठ होती. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात उलटं असेल. पुढे काय येणार, हे तुला तर माहीत नसेलच, गाणाऱ्यालाही पूर्ण माहीत नसतं. मला सांगायचंय ते एवढंच की तिथे गाणं 'कळून घ्यायला' जाऊ नकोस. ते घडतं कसं, ते बघायला जा. रेकॉर्डवरचं गाणं होऊन गेलेलं असतं, हे व्हायचं असतं.

माझ्या बोलण्याला थोडा आधार आहे. संगीत विद्यालयात शिकत असताना मी बऱ्याच मैफलींत मागे तानपुरा घेऊन बसले. तिकडून दिसतं ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवरून दिसत नाही. एकदा एका मोठ्या गायिकेच्या मागे बसायचं होतं. ग्रीनरूममध्ये आम्ही दोघींनी तानपुरे पंचमात मिळवून ठेवले होते. तेवढ्यात बाहेर आधीच्या कलाकारानं नेमका तोच राग सुरू केला, जो बाई गाणार होत्या. एकाच संध्याकाळी तोच राग पुन्हा गाऊ नये, असा संकेत आहे. बाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "पोरींनो, पंचम उतरवा, मध्यम करा." झालं, अख्खी संध्याकाळ बदलली. श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. मालकंसात पंचम नसतोच, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात घेतात. सभागृहात त्या दिवशी मालकंसाची पहिली बातमी आम्हा दोघींना लागली, तीही तारेतून.

म्हणून वेळेच्या आधी पोच. पत्रिकेवर छापलेल्या वेळेला दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचं स्वागत, मग त्यांचं मनोगत, मग शाल-श्रीफळ, हे सगळं होणारच. नागपूरला भाषणाशिवाय सूर लागत नाही बावा. त्या वेळात बाहेर कॉफी पिऊन ये हवं तर. पण कलाकार मंचावर येऊन बसले की मात्र जागा सोडू नकोस. लोक त्या दहा-पंधरा मिनिटांत मोबाईल काढतात, मागे वळून ओळखीचे चेहरे शोधतात. त्यांना वाटतं, अजून सुरू व्हायचंय. सुरू झालेलं असतं.

तानपुऱ्याच्या तारेखाली, घोडीवर एक साधा सुती दोरा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवला की बोथट आवाज एकदम उघडतो, त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुंजन येतं. त्याला जवारी म्हणतात. हे तानपुरे मिरजेचे, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आमचा विद्यालयातला जुना, गळ्याशी तडा गेलेला तानपुरा आठवला. आता बहुतेक जण सोबत इलेक्ट्रॉनिक पेटीही ठेवतात, किंवा फोनवरच तानपुरा लावतात. सोय आहे, मीही घरी तेच करते. पण मंचावर लाकडाचे दोन तानपुरे असतील तर कान तिकडे दे.

मग तबला. समारोह वसंतरावांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात. ते गेले 30 जुलै 1983 ला. नागपूरची दमट हवा कातड्याला मानवत नाही. तबल्याची पुडी सैलावते, स्वर उतरतो. उलट सभागृहात एसी जोरात असला की कातडं वाळून स्वर चढतो. म्हणून तबलजीच्या हातात ती छोटी हातोडी वारंवार दिसेल. कडेला, गठ्ठ्यांवर, टक् टक्. ते नखरे नव्हेत. गाणाऱ्याचा षड्ज आणि तबल्याचा स्वर एका जागी असल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मी एका मैफलीत पाहिलंय, विलंबित ऐन रंगात असताना बुवांनी हात वर करून थांबवलं, तबल्याकडे बघून हसले, तो पुन्हा मिळवून घेतला आणि जिथे सोडलं होतं त्याच स्वरावरून उचललं. टाळ्या तेव्हा पडल्या नाहीत. पडायला हव्या होत्या.

कुठे बसायचं, तेही सांगते. पुढचे सोफे पाहुण्यांचे, त्यांच्या नादी लागू नकोस. मधल्या रांगांत, मंचाच्या डाव्या अंगाला बस. बहुतेक वेळा तबलजी गाणाऱ्याच्या उजवीकडे असतो, म्हणजे आपल्याला डावीकडे. त्याचे हात आणि गाणाऱ्याचा चेहरा एका नजरेत यायला हवा. त्या दोघांमध्ये काय चाललंय, ते बघ. भुवई वर गेली, मान किंचित हलली, डाव्या हातानं 'जरा सावकाश' सांगितलं. पेटीवाल्यानं एखादी जागा अशी घेतली की गाणारा वळून बघतो, आणि पुढच्याच फेरीत तीच जागा स्वतःच्या गळ्यातून काढतो. हे सगळं आधी कोणी ठरवलेलं नसतं.

पहिली अर्धीअधिक वेळ जड जाईल. विलंबित एकताल बारा मात्रांचा, पण अतिविलंबितात एक आवर्तन संपायला पाऊण-एक मिनिटही लागतं. तू ज्या गतीत गाणी ऐकतेस, त्यात तेवढ्या वेळात अख्खं कडवं होतं. कंटाळा येईल. येऊ दे. मात्रा मोजत बसू नकोस, शेजारचे काका मांडीवर बोटं टेकवून मोजत असतील तर त्यांना मोजू दे. तू फक्त मुखडा लक्षात ठेव, बंदिशीचा तो पहिला तुकडा. गाणारा कितीही लांब भटकला तरी तो तुकडा धरून परत येतो आणि सगळ्या सभागृहाच्या माना एकदम हलतात. ती सम. दोन-चारदा असं झालं की तुझी मानही आपोआप हलेल.

ज्यांच्या नावानं हे सभागृह आणि समारोह आहे, त्यांच्याबद्दल तुझ्या वयाच्या मुलांना बहुतेक 2022 च्या 'मी वसंतराव' चित्रपटातूनच माहिती. वाईट नाही ते. मूर्तिजापूरला 1920 साली जन्म, आणि लहानपण नागपुरात. गाण्याचे पहिले धडे इथेच, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा घोटला. आणि मग वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी! 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं 1967 ला, म्हणजे खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं तेव्हा त्यांनी सत्तेचाळिशी गाठली होती. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही आपल्या नागपूरचेच. वसंतरावांच्या गाण्याची ख्यातीच ही की पुढची तान कुठून कुठे जाईल, याचा अंदाज लागत नसे. त्यांच्या नावाच्या मंचावर कोणी सगळं घोटून, मापून आणलेलं गायलं तर मला जरा हसू येतं.

तुझ्या बाबाला पहिल्या मैफलीबद्दल विचारलंस म्हणे. त्याची आणि माझी पहिली मैफल एकच, गणेशोत्सवातली, मांडवातली. सतरंजीवर बसलो होतो, आजोबा मध्ये. बाबा आजही छातीठोक सांगतो की पहाटे ललत ऐकला आणि अंगावर काटा आला. ललत झाला, हे खरं. पण तेव्हा हा पठ्ठ्या आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. मला राग कुठला, ते तेव्हा माहीत नव्हतं. मला आठवते ती गायकाची चांदीची पानाची डबी, कनातीच्या भोकातून येणारा गार वारा, आणि एक स्वर, जो त्यांनी इतका वेळ धरला की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी 'अरे अरे' असं म्हटलं. गायक कोण, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तू लगेच यूट्यूबवर शोधशील आणि मग म्हणशील, "एवढं काही खास नाही वाटलं."

तशा रात्रभरच्या मैफली आता उरल्या नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, उघड्यावर रात्री दहानंतर भोंगा बंद. झोपणाऱ्यांच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण त्यात रागांचं गणित बिघडलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपली रात्रभराची चाल सोडावी लागली. पूरिया, मारवा, यमन, बिहाग यांना संध्याकाळ मिळते. उत्तररात्रीच्या आणि पहाटेच्या रागांनी जायचं कुठे? कोणी सकाळची मैफल ठेवली की मी म्हणूनच धावते. नागपूरला असं काही लागलं तर तूही रविवारची झोप मोडून जा, तोडी आणि भैरव ऐकायला मिळतील.

फोनचं सांगायचं टाळत होते, कारण तुला वाटेल आत्या सुरू झाली. दोन मिनिटांचा तुकडा घेऊन ठेवलास तर आकाश कोसळणार नाही. फक्त हात वर धरून, पडद्यातून बघत बसू नकोस. मागच्या माणसाला गाणारा दिसत नाही, आणि तुला तबलजीची भुवई दिसत नाही. दाद द्यायची भीती बाळगू नकोस. मनापासून 'वा' निघाली तर निघू दे, पण सगळे टाळ्या वाजवतात म्हणून वाजवू नकोस. कोणी मागून नाट्यगीताची फर्माईश करेल, शेजारी कोणी 'शास्त्रीय चाललंय इथे' म्हणून कुरकुरेल. दोघांकडेही दुर्लक्ष कर.

परतायची सोय आधी ठरव. शेवटची मेट्रो गाठायची म्हणून भैरवीच्या आधी उठणारे लोक पाहिले की माझा जीव तुटतो. बर्डीपर्यंत रिक्षा दोघी-तिघींनी मिळून करा, वॉर्डनबाईंना अगोदर लेखी कळवून ठेव, आणि छत्री ने. छत्री मात्र सीटखाली ओली ठेवू नकोस, पुढच्या बाईंची साडी भिजते.

दुसऱ्या दिवशी फोन कर. राग कोणता होता हे विसरलीस तरी चालेल, तबलजी कधी हसला ते मला सांग. सोबत चिवडा पाठवते आहे, तो हॉस्टेलवरच संपव. सभागृहात पिशवी वाजवत खाल्लास तर मला इथे अमरावतीत ऐकू येईल.

तुझी,
आत्या