हौसेचे मोल कोणी द्यावे?

पाळीव प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोठ्यातली गाय, दारातला कुत्रा, चुलीशेजारची मांजर अशी चित्रे उभी राहतात. या प्राण्यांचे आणि माणसाचे नाते हजारो वर्षांचे आहे. परंतु अलीकडे काही तरुणांच्या मनाने वेगळीच ओढ घेतली आहे. घरात काचेच्या पेटीत एक लहानसा अजगर असावा, असे त्यांना वाटते. आईवडील घाबरतात, मुले हट्ट धरतात, आणि प्रश्न शेवटी खर्चावर येऊन थांबतो. ‘परवडेल का?’ प्रश्न योग्यच आहे. पण तो कोणाला परवडण्याचा आहे, हे आपण सहसा विचारत नाही. त्याचाच थोडा विचार आपण येथे करू.

आम्हां पारशिवनीकडच्या लोकांना अजगर नवा नाही. पेंच नदीचा काठ, कालव्यांचे पाणी, धानाची शेते आणि पलीकडचे जंगल हे त्याचे घरच आहे. हा आपला देशी अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोडतो. त्यास पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यास किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. तेव्हा बांधावर सापडलेले पिल्लू हौसेने घरी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तरुणांना हवा असतो तो ‘बॉल पायथॉन’. हा पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी, स्वभावाने भित्रा अजगर. भय वाटताच तो अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. त्यावरूनच त्यास हे नाव पडले. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारण तीन ते पाच फूट लांब होतो. परदेशी असल्यामुळे त्याचा मार्ग वेगळा आहे. पण तोही मोकळा नाही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम आले. त्यांनुसार अशा प्राण्याची नोंदणी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते; त्याचे हस्तांतर, जन्म, मृत्यू हे सारे कळवावे लागते. कागद नसलेला प्राणी बहुधा कोणत्या वाटेने येतो, हे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर दिसले. बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत कोंबलेले नऊ बॉल पायथॉन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. ज्या महिन्यात आपल्या घरी नाताळचे केक येतात, त्याच महिन्यातली ही गोष्ट.

आता समजा, कागदपत्रे चोख आहेत. पुढे काय? या प्राण्यास चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी घट्ट झाकणाची पेटी लागते. तिच्या एका टोकास ३१ ते ३३ अंश उष्णता, दुसऱ्या टोकास २५ ते २७ अंश. कारण साप आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करू शकत नाही, तो ती जागा बदलून मिळवतो. दोन्ही टोकांस लपण्याची जागा, ताजे पाणी आणि हवेत पुरेसा ओलावा हवा. ओलावा कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. थंडी बाधली तर फुप्फुसांचा विकार जडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि डिसेंबरच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. म्हणजे वर्षातले काही महिने पेटी तापवायची आणि काही महिने ती थंड ठेवायची. त्यातच वीज जाणारी. शिवाय सापाचा आजार ओळखणारा पशुवैद्य तालुक्याच्या गावी कोठून मिळणार? सापास हाताळल्यावर साबणाने हात धुणे हेही चुकवून चालत नाही, कारण त्याच्या अंगावर आतड्याचा रोग पसरवणारे जंतू असू शकतात. घरात लहान मुले असतील तर ही काळजी दुप्पट.

आणि अन्न? हा प्राणी केवळ मांसावर जगतो. मोठ्या अजगरास दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर लागतो. जिवंत उंदीर उलट चावून सापास जखमी करतो, म्हणून मेलेला, गोठवून ठेवलेला उंदीर कोमट करून द्यावा लागतो. आमच्या आठवडी बाजारात तो मिळायचा नाही. वर्षाला वीस उंदीर धरले आणि अजगर पंचवीस वर्षे जगला तर हा आकडा पाचशेवर जातो. पंचवीस वर्षे ही अतिशयोक्ती नव्हे. सांभाळलेला बॉल पायथॉन सहज वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात तर किमान ६२ वर्षे वयाच्या मादीने २०२० साली सात अंडी घातली! सोळा वर्षांच्या मुलाने आज हट्टाने आणलेला जीव, तो मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर, नोकरीला लागल्यावर, संसारात पडल्यावरही जेवायला मागणारच. तेव्हा उंदीर कोमट करीत कोण बसणार? बहुधा ज्या आईने प्रथम नको म्हटले होते, तीच.

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयी दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, ही एक. आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, ही दुसरी. काहींना यात विरोध दिसतो. आम्हांस तो दिसत नाही. दोन्ही वाक्ये एकाच दिशेने बोट दाखवतात: आपल्या हौसेचे मोल दुसऱ्याने देऊ नये. उपाशी शेजाऱ्याने देऊ नये आणि मुक्या जिवानेही देऊ नये.

कोणी म्हणेल, ‘कुत्र्यालाही खर्च येतोच की!’ खरे आहे. पण कुत्रा माणसाच्या सहवासात घडलेला प्राणी आहे. धनी दिसला की तो आनंदतो, त्यास आपण हवे असतो. अजगरास आपण हवे नसतो. तो हातावर शांत राहतो ते बहुधा सवयीने. प्रेमाने राहतो असे मानण्यास आधार नाही. त्यास ऊब हवी, आडोसा हवा, एकांत हवा. म्हणून त्यास पाळणाऱ्याने परतफेडीची आशा न धरता केवळ कर्तव्य करावयाचे असते. हे फार मोठे काम आहे, आणि ते मनापासून, वर्षानुवर्षे करणारे लोक आहेत. त्यांना आमचा दोष नाही. परंतु आपली हौस तेवढी खोल आहे काय, हे आणण्यापूर्वीच तपासावे. आणल्यानंतर तपासण्याचा अधिकार उरत नाही.

याच अजगराच्या मायदेशी, बेनिन देशातील विदा या गावी, एक अजगरांचे मंदिर आहे आणि त्याच्या अगदी समोर आपल्या कॅथलिकांचे निष्कलंक गर्भसंभवाचे महामंदिर आहे. तेथील अजगर रात्री भक्ष्याच्या शोधात बाहेर पडतात. एखादा कोणाच्या घरात शिरला तर लोक त्यास न मारता अलगद उचलून परत आणून ठेवतात. त्यांची पूजा आपली नव्हे. पण सापास दार उघडे ठेवून आदर देता येतो, एवढे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मोहाचा सर्प नंतर येतो. त्याआधीच देवाने सरपटणारे जीव निर्माण केले आणि ते चांगले आहेत असे पाहिले, हा क्रम आपण विसरू नये.

तेव्हा ज्यांच्या घरी असा प्राणी आधीच आहे त्यांनी त्याची नोंदणी तपासावी, काळजी घ्यावी, आणि कंटाळा आला म्हणून त्यास शेतात वा कालव्यात सोडू नये. परका प्राणी येथे एक तर तडफडून मरेल किंवा येथल्या जिवांना उपद्रव देईल. ज्यांच्या मनात अद्याप केवळ इच्छा आहे त्यांनी मुलांना रागे न भरता पेंचच्या जंगलात न्यावे, सापांविषयी चांगली पुस्तके द्यावीत. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे; जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा तेथे कशी होते, हे त्यांना सांगावे. आणि पावसाळ्यात धानाच्या बांधावर देशी अजगर दिसला तर काठी न उचलता वनखात्यास कळवावे. त्याला विजेचे बिल नाही, पेटी नाही, बाजारातला उंदीरही लागत नाही. शेतातले उंदीर तो आपणहून खातो. आपण फक्त त्याची वाट सोडायची.