गच्ची वाकडी नाही, लेका!

जागा नाही म्हणतोस? सेलूत एवढा स्लॅब टाकलास, तो काय चार मोडक्या खुर्च्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठेवायला? जागा आहे. ती तू अडगळीला दिलीस.

पाणी नाही म्हणतोस. दुधना नदी आटली, नळाचा भरवसा नाही, सगळं मान्य. मग दारात पाइप लावून मोटारसायकल धुतोस ते पाणी कुठून येतं? डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी रोज मोरीत जातं. दहा कुंड्या त्यावर जगतात. फिल्टरनं टाकून दिलेलं पाणी मात्र घालू नकोस, त्यात क्षार असतात. पण हे तुला मी सांगायचं? परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवी भिंतीवरचा पोपडा झाकायला टांगलीस का?

ऊन फार, म्हणे. अरे, मे महिन्यात मेथी पेरायला सांगितलं कोणी? उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी. वर शेडनेट, बुडाला पाल्याचं आच्छादन. मेथी, पालक, कोथिंबीर थंडीत. हे तुझ्या बापाला पुस्तक न उघडता कळत होतं.

‘एकदा करून पाहिलं, गच्चीवर काही येत नाही.’ काय करून पाहिलंस? शेतातली काळी माती आणलीस आणि डब्यात ठासलीस. भिजली की चिखल, वाळली की भेगा. बुडाला भोक पाडायचा कंटाळा केलास. पाणी तुंबलं, मुळं कुजली, आणि बोल लावलास गच्चीला. नाचता येईना, अंगण वाकडं!

स्लॅब गळेल ही भीती खरी असती, तर उपायही शोधला असतास. कुंड्या विटांवर ठेव, खालून पाणी वाहून जाऊ दे. जड कुंड्या भिंतीच्या नाहीतर बीमच्या रेषेवर. माती थोडी, कुजलेला पाला भरपूर, म्हणजे ओझंही कमी. रसवंतीवाला उसाची चिपाडं टाकून देतो, लिंबाखाली पाल्याचा सडा पडतो, घरात रोज भाजीची देठं निघतात. आणि तू म्हणतोस, खत महाग आहे!

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. त्यांचं काम खानपान व्यवस्थेचं. स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यांनी वर नेला, कुजवला, त्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. वाट दाखवली ती ‘प्रयोग परिवार’ उभा करणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांच्या विचारांनी, आणि दाभोळकर म्हणजे गणिताचे प्राध्यापक! आणि तू? काळ्या रानातल्या शेतकऱ्याचा पोरगा, वरून कृषी पदवीधर. लाज वाटत नाही?

बाजारात मात्र वांगं हातात घेऊन नाक मुरडतोस, ‘फवारलेलं दिसतंय.’ लग्नाकार्यात विषमुक्त अन्नावर तासभर बोलतोस. घरी झाडावर मावा आला, तर पान उलटून बघायला तुला वेळ नसतो. कुटलेली निंबोळी ५० ग्रॅम, पाणी एक लिटर, रात्रभर भिजवायचं, गाळायचं, किंचित साबण घालून फवारायचं. यात अवघड काय आहे? गच्चीबागेचे व्हिडिओ रात्री अकरापर्यंत बघायला वेळ आहे, कुंडीत बोट खुपसून ओल बघायला नाही? वेळ नाही हे कारण तू मला देत नाहीस, स्वतःला देतोस. आणि ते तुला पटतंही, हेच वाईट!

मृग तोंडावर आला आहे. उद्या सकाळी वर जा. अडगळ भंगारवाल्याला दे. पाच डब्यांना भोकं पाड. पाचच, पन्नास नकोत. तुझं आरंभशूरपण मला माहीत आहे. दोन डब्यांत भेंडी, दोन डब्यांत गवार, एकात कठड्यावर चढणारा दोडका. रोज दहा मिनिटं. पाहुणे आले तरी दहा मिनिटं.

न येणाऱ्याला शिकवता येतं. येत असून हात न हलवणाऱ्याला नुसतं रागावता येतं. ते रागावून झालं. आता ऊठ, खिळा आणि हातोडी शोध.