हात चावणाऱ्या मुलाचं म्हणणं

आपल्या परंपरेने वाणीचे चार स्तर मानले: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. कानावर पडते ती फक्त शेवटची. हे मान्य असेल, तर ज्याची वैखरी फुटलेली नाही त्या स्वमग्न मुलाला काही सांगायचंच नाही, असं आपण कशाच्या बळावर धरून चालतो? मूल हात चावतं, डोकं आपटतं, ताट भिरकावतं. घरचे म्हणतात ‘हट्टी आहे’, शेजारचे म्हणतात ‘प्रारब्ध’. दोन्ही उत्तरांनी चौकशी तिथेच संपते. माझ्या मते अशा वागण्याला आधी बोलणं समजावं. त्याचा अर्थ शोधण्याआधीच ते बंद पाडण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

हा कोरडा कनवाळूपणा नव्हे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवघड काम पुढे आलं की किंवा मोठ्यांचं लक्ष कमी झालं की ही मुलं बिथरत. कामाने बिथरणाऱ्याला ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवलं आणि लक्ष हवं असणाऱ्याला ‘माझं काम चांगलं चाललंय का?’ असं विचारायला. त्रासदायक वागणं घटलं. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा मात्र ते घटलं नाही. सगळी मेख इथे आहे: जे म्हणायचं होतं तेच म्हणता यायला हवं. मग ते तोंडाने असो, खुणेने असो की चित्राच्या कार्डाने. त्याच देशात १९६०च्या दशकात विजेचे झटके देऊन मुलांचं स्वतःला इजा करणं थांबवलं गेलं होतं. ते थांबलंही, पण मुलाला काय हवं होतं, हे झटक्याने कुणाला कळणार?

‘मागेल ते दिलं तर डोक्यावर बसेल,’ हा आक्षेप ठरलेला. पण हात चावल्यावर समोरची वही बाजूला होतेच ना? मग तीच सुटका ‘थांब’चं कार्ड दाखवल्यावर द्यावी आणि हळूहळू वाट पाहायला शिकवावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक वागणं हा निरोप नसतो. खरंच नसतो. मूल एकटं असतानाही डोकं आपटत असेल, तर दाढ, पोट, कान, झोप आधी तपासावी. नाहीतर आपलीच कल्पना त्याच्या तोंडी घातली जाते. जखम होत असेल तिथे आधी त्याला आवरावंच लागतं, कधी औषधही लागतं. रिस्पेरिडोन या औषधाने चिडचिड कमी होते, वजनही वाढू शकतं. चिडण्याचं कारण मात्र त्याने कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मूल किती वेळा चावलं एवढंच सांगू नका. चावण्याआधी काय घडलं आणि चावल्यावर त्याला काय मिळालं, हेही आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही सोबत न्या.