धबधबा कुणाच्या नावे?

आमच्या बँकेत एक नियम आहे. जमेच्या बाजूला रुपया दिसला की नावेच्या बाजूला तो कुठेतरी सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर संध्याकाळी घरी जाता येत नाही. वीस वर्षं ही सवय अंगात मुरल्यामुळे फुकट मिळालेल्या वस्तूचा आनंद मला धड घेता येत नाही. धबधब्याचाही नाही.

जुलैतल्या एका रविवारी सौभाग्यवती, चिरंजीव आणि मी ताम्हिणी घाटात गेलो. पौड सोडलं तसा पाऊस लागला. घाटात दर वळणाला एक धबधबा आणि दर धबधब्याखाली अर्धं पुणे. तिथं भिजायला पैसे पडत नाहीत हे कळल्यावर आम्ही तीनदा भिजलो. भजी मात्र एकदाच खाल्ली, कारण ती विकत होती.

परतताना मुळशीच्या जलाशयाकाठी एक मावशी कणसं भाजत होत्या. पन्नासाला दोन. मी सवयीनं म्हटलं, ‘‘चाळीसला द्या.’’

‘‘दादा, धबधबं फुकाट बघून आलासा न्हवं? मंग कनसालाच का वो घासाघीस?’’

‘‘धबधबे काय तुमचे आहेत मावशी?’’

‘‘न्हाई बा. आमचं त्ये तिकडं हाय,’’ असं म्हणून त्यांनी पंख्यानंच पाण्याकडं बोट केलं. ‘‘आजेसासऱ्याची भातखाचरं. खाली.’’

बोलण्यात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी मात्र हातातली नोट तशीच धरून उभा राहिलो.

शाळेत शिकलो होतो की सगळं. नीळा आणि मुळा नद्यांच्या पाण्यावर टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते इथंच. १९२४पर्यंत लढा चालला, आणि हरला. पन्नासच्या आसपास गावं गेली. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. त्यामुळे मोबदला बराचसा कागद ज्याच्याकडे त्याला मिळाला, चिखलात पाय ज्याचे त्याला नाही. (सावकारी हा आमचाच धंदा. म्हणून हे वाक्य मी हळू आवाजात लिहितो आहे.) पूर्वेला जाणारं पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला वळवलं, १९२७मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली.

मुंबईला! माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथं दिवे बेस्टचे, आणि बेस्ट वीज घेई टाटांकडून. म्हणजे मी बी. कॉम.ला ज्या बल्बखाली ताळेबंद जुळवायला शिकलो, त्यात थोडासा उजेड या मावशींच्या खाचरांचा होता. ही नोंद माझ्या कुठल्याच वहीत नव्हती.

आता प्रश्न असा, की हे देणं माझं का? धरण मी बांधलं नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. शिवाय शंभर वर्षं झाली, आणि साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. मी मनातल्या मनात स्वतःला निर्दोष सोडून दिलंही. पण कारकून असल्याची शिक्षा अशी की पुढचं कलमही पाठ असतं. मुदत टळली की दावा चालत नाही एवढंच. देणं फिटलं असं काही कायदा म्हणत नाही. आणि उलट बाजूला, दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी ठेवीदाराच्या वारसाला ती मागता येते. म्हणजे कायदा वारसाला मागायचा हक्क देतो. मग वारसानं देण्याच्या बाबतीतच एवढं बहिरं का व्हावं? बरं, द्यायचं तरी कुणाला, किती? गाव बुडाल्याचा भाव कुठल्या रजिस्टरला असतो? नुसतं मन कळवळून ते फिटत असतं तर आमची सगळी थकीत कर्जं एव्हाना वसूल झाली असती.

‘‘अहो, कणीस गार होतंय,’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

मी शंभराची नोट मावशींच्या हातात ठेवली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, ‘‘राहू द्या वरचे.’’

‘‘कशापायी?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजेसासऱ्यांच्या खाचरापोटी पन्नास रुपये, असं तोंडानं म्हणायची लाज वाटली. मावशींनी कमरेची पिशवी सोडली, दहादहाच्या पाच ओल्या नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि कणसावर लिंबू चोळू लागल्या.

‘‘मीठ-तिखट आनिक लावू का वाईच? त्येचं पैसं न्हाई पडत.’’

‘‘लावा,’’ मी म्हणालो.