वासाला बांध नसतो

किनवट-माहूरच्या पट्ट्यात कपाशी पाती-फुलांवर आली की काही फुलं उमलतच नाहीत. पाकळ्या आतून जाळ्यानं बांधल्यासारख्या मिटलेल्या राहतात. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी बोंडअळी असते. डोमकळी निदान दिसते तरी. पुढं बोंडं धरली की तेवढीही खूण उरत नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार असतं, आत सरकी खाल्लेली असते. कापसाची कवडी झाल्याचं वेचणीलाच कळतं. तोवर केलेल्या फवारण्या बोंडाच्या सालीवर पडून वाळून गेलेल्या असतात.

या किडीचं बहुतेक आयुष्य असं झाकलेलं असतं. मोकळ्यावर ती वावरते ती पतंग झाल्यावर, तीही रात्री. अंधारात नर मादीला शोधतो तो वासाच्या मागानं. मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून दोन रसायनांचं जवळजवळ समसमान मिश्रण हवेत सुटतं. १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते ओळखलं आणि त्याला गॉसिप्ल्युअर असं नाव दिलं. दोन्ही रेणूंत अणू तेच आणि तेवढेच. फरक असतो तो एका दुहेरी बंधापाशी रेणू कसा वळतो एवढाच. हे प्रमाण फार बिघडलं तर नराचा प्रतिसाद ओसरतो. हरभरा आणि तुरीवरच्या घाटेअळीच्या मादीचं मिश्रण वेगळं आहे, त्यात दोन घटक साधारण ९७ आणि ३ अशा प्रमाणात असतात. म्हणून एकाच रात्री, एकाच शिवारात दोन्ही जातींचे पतंग उडत असले तरी प्रत्येक जण आपल्याच जातीच्या मादीकडे वळतो.

असल्या वासाचा रेणू पहिल्यांदा हाती आला तो १९५९ मध्ये. जर्मनीतले अडॉल्फ बुटेनांट आणि त्यांचे सहकारी वीसेक वर्षं या कामामागं होते. रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख पतंगांच्या ग्रंथी त्यासाठी लागल्या आणि मिळालं काय, तर काही मिलिग्रॅम द्रव्य. आज कृषी सेवा केंद्रात थोडक्या पैशांत मिळणारी, मादीच्या गंधानं भरलेली रबराची ल्यूर त्या खटाटोपाची वारस आहे. ती सापळ्यात लावायची, सापळा पिकाच्या शेंड्याहून फूटभर उंच बांधायचा, एकरी दोन सापळे ठेवायचे, ल्यूर काही आठवड्यांनी बदलायची. हे कामगंध सापळे नांदेड-लातूरकडे आता कुणाला नवे नाहीत.

तरीही त्यांचा उपयोग आपण पुरता करून घेत नाही, असं माझं ठाम मत आहे. सकाळी सापळ्याच्या पिशवीत मेलेले पतंग दिसले की समाधान वाटतं. नाही दिसले तर सापळा वाया गेला असं वाटतं. पण सापळ्यात अडकतात ते फक्त नर. मागं उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. एकरी दोन सापळ्यांनी किडीची संख्या रोखली जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. सापळा मुख्यतः खबर देतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त नर आले, तर नुकसानीची पातळी गाठली असं समजावं, हा कापूस संशोधकांचा ठोकताळा आहे. बोंडात दडणाऱ्या अळीच्या बाबतीत या खबरेला फार मोल आहे, कारण औषध पोचण्याची वेळ अंडं आणि बोंड यांच्यामधल्या थोड्या अवधीतच असते. ज्या रात्री पिशवी रिकामी राहते, तीही काहीतरी सांगत असते: आज फवारू नका. हा सल्ला ऐकायला मन तयार होत नाही, कारण त्या दिवशी करायला काहीच नसतं.

नाक माणसालाही फसवतं. फवारणीच्या औषधाचा वास जेवढा उग्र, तेवढं ते जालीम, हा समज गावोगाव आहे. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं हे त्याच समजाचं पुढचं पाऊल. २०१७ च्या हंगामात बोंडअळीनं महाराष्ट्रात कहर केला, आणि त्याच हंगामात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात बाळगणारी बीटी कपाशी देशात २००२ साली आली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. गुलाबी बोंडअळीनं तिला दाद देणं बंद केल्याच्या खुणा २०१० सालीच गुजरातेत दिसल्या होत्या. मेलेल्या किडी मोजून मिळणारी खात्री किती कच्ची असते, हे त्या वर्षांनी दाखवलं.

लातूरकडे, औसा-निलंग्याच्या काळ्या रानात, वासासारखाच चवीचा हिशेबही चालतो आणि तो उघड्या डोळ्यांना दिसतो. हरभऱ्याच्या पाना-देठांवर बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकांवर आंब साचते. पहाटे पिकावर पांढरं धडपं पसरून दवाबरोबर ती टिपून घ्यायची, पिळून बाटलीत भरायची आणि पोटदुखीला किंवा ऊन लागल्यावर द्यायची, ही जुनी रीत. हरभऱ्यातून चालून आलं की पायांना खाज सुटते ती याच आंबेनं. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या संस्थेत १९९० च्या दशकात तपासलं गेलं, तेव्हा घाटेअळीची वाढ खुंटवणारं आम्ल ऑक्झॅलिक ठरलं. मॅलिकचं प्रमाण जास्त असूनही अळीच्या वाढीवर त्याचा तसा परिणाम दिसला नाही. हरभऱ्यावर किडी तशा थोड्याच पडतात. घाटेअळीनं मात्र या आंबटपणाशी बरंचसं जुळवून घेतलं आहे, आणि जोराचा पाऊस झाला की पिकाची ही आंबही धुऊन जाते.

अळीनं खायचं की नाही हा प्रश्न खरं तर तिच्या आईनं आधीच निकाली काढलेला असतो. मादी वासाच्या आधारानं झाडापर्यंत येते. पानावर उतरल्यावर ती पायांनी आणि मिशांनी चव घेते आणि मग अंडी घालायची की पुढं उडायचं हे ठरवते. फुलोऱ्यात आलेल्या झाडांकडे तिची ओढ जास्त. तुरीच्या किंवा कपाशीच्या कडेनं झेंडू लावायला सांगतात ते म्हणूनच. घाटेअळीच्या माद्या झेंडूवर खुशाल अंडी घालतात. सोयाबीनभोवती एरंडी लावली की पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेराच्या माद्या तिकडे वळतात आणि एका पानाखाली अंड्यांचा पुंजका सापडतो. तो पान तोडून नष्ट करता येतो. अंडी घालताना मादीच्या अंगावरचे खवले गळतात, त्यांनाही वास असतो. ट्रायकोग्रामा नावाची जेमतेम डोळ्याला दिसणारी माशी त्या वासावरून अंड्यांपर्यंत पोचते आणि त्यांत स्वतःचं अंडं घालते. अळीनं पान कुरतडलं की पिकातून सुटणारा गंध बदलतो, तो हेरून दुसऱ्या परोपजीवी माश्या येतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला शिवार शांत दिसत असतं, तेव्हा हवेत हे सगळं चाललेलं असतं.

निंबोळी अर्काबद्दलची तक्रार मी गावोगाव ऐकली आहे: अर्क मारला, पण अळी मेलीच नाही, पानावर फिरत होती. फिरत होती हे खरं. पण ती खात होती का, हे कुणी पाहिलं? १९६२ साली दिल्लीत टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकावर निंबोळीच्या गराचं पाणी फवारलं. टोळ उतरले, पण त्या पिकाला त्यांनी तोंड लावलं नाही. जिभेवरच अडवण्याची ही ताकद आपल्या बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडात आहे, आणि आपण तिला नापास करतो, कारण संध्याकाळपर्यंत मेलेली अळी दिसत नाही.

किड्याला वास आणि चव कशी कळते, या शोधाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातला आहे, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात फळमाशीवर काम केलं. काही वास किंवा चवी ज्यांना ओळखता येत नाहीत अशा माश्या त्यांनी निवडून काढल्या आणि ही जाण जनुकांपर्यंत नेऊन भिडवली. घ्राणग्राहकांच्या जनुकांवरचा लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांचा नोबेल मिळवणारा शोधनिबंध त्यानंतर, १९९१ साली आला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं वाण शेतकऱ्याला नावानं माहीत असतं. कुलाब्यातल्या त्या माश्यांचीही माहिती त्याच्यापर्यंत पोचायला हवी होती.

गॉसिप्ल्युअरचा सापळ्यापेक्षा मोठा उपयोग आहे. त्याच गंधानं भरलेल्या दोऱ्या शेतभर झाडांना बांधल्या की सगळीकडे मादीचा वास दरवळतो आणि नराला खरी मादी सापडत नाही. मीलन चुकतं, अंडी फळत नाहीत. अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हटल्याचं जाहीर केलं, त्या मोहिमेत हा उपाय होता. जोडीला बीटी कपाशी, वांझ केलेले पतंग आणि हंगाम संपल्यावर पळाट्या काढून टाकण्याची शिस्त होती. ही मोहीम सलग पट्ट्यांत आणि सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून राबवली होती.

नांदेडात जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळा. एकानं एक एकरात दोऱ्या बांधल्या आणि शेजारच्या रानात मीलन होऊन आलेली मादी बांध ओलांडून आली, तर त्याचा खर्च वाया गेला. एकानं डिसेंबरात पळाट्या उपटल्या आणि दुसऱ्यानं पाणी आहे म्हणून पीक तसंच उभं ठेवून फरदड राखली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळालं. फरदड राखणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. दोन वेचण्या जास्त मिळाल्या की त्याचं देणं फिटतं. ते देणं गावानं मिळून कसं पेलायचं, हा प्रश्न ग्रामसभेत यायला हवा. सापळ्यातले आकडेही तिथंच मांडायला हवेत: कुणाच्या रानात किती नर आले, कोणत्या आठवड्यात आले, जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाजवळ किती आले. चावडीवर एक फळा आणि रोज सकाळी पिशवी पाहून आकडा लिहिणारी शाळकरी मुलं एवढ्यावर हे सुरू करता येतं, आणि येत्या ऑगस्टच्या आधी ते व्हायला हवं.