फ्रेडी परत का येतो?

ताई शाळेत गणित शिकवते. तान्हेपणी पोलिओ झाला, तेव्हापासून तिच्या डाव्या पायात कॅलिपर आहे. जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा नाद मला. त्यातल्या कॅप्टन मार्व्हल ज्युनियरबद्दल, म्हणजे फ्रेडी फ्रीमन या पोराबद्दल, काही लिहायचं मनात होतं. पण ते आधी ताईसमोर मांडल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. त्यातून झालेलं हे बोलणं.

मी: फ्रेडीची गोष्ट बिलीपासून सुरू करावी लागते. १९३८ साली सुपरमॅन आला आणि तुफान खपला. फॉसेट या प्रकाशनसंस्थेलाही तसा नायक हवा होता. बिल पार्कर या लेखकानं सहा वीरांचं पथक सुचवलं, प्रत्येकाकडे एकेका पुराणपुरुषाची शक्ती. वरचे म्हणाले, सहा नकोत, एकातच सगळं घाला. मग सी. सी. बेकनं चित्रं काढली आणि १९४० च्या फेब्रुवारीच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये बिली बॅटसन आला. अनाथ, पेपर विकणारा, भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपणारा पोरगा. जादूगार शझामचं नाव घेतलं की वीज पडते आणि पोराच्या जागी कॅप्टन मार्व्हल नावाचा धिप्पाड गडी उभा राहतो.

ताई: म्हणजे शक्ती हवी तर पोरानं आधी मोठं व्हायचं.

मी: बिलीनं, हो. फ्रेडीचं तसं नाही. १९४१ चा डिसेंबर अंक. कॅप्टन मार्व्हल आणि कॅप्टन नाझी यांची मारामारी चाललीय. नाझी पाण्यात पडतो. तिथे एक म्हातारा नातवाला घेऊन होडीतून मासे धरायला आलाय. माणूस बुडतोय म्हणून दोघं त्याला वर ओढून घेतात. शुद्धीवर आल्या आल्या नाझी म्हाताऱ्याचा जीव घेतो आणि वल्हं घालून पोराची पाठ मोडतो.

ताई: ज्यांनी वाचवलं त्यांनाच.

मी: त्यांनाच. इस्पितळात डॉक्टर आशा सोडतात. बिली रातोरात त्याला भुयारात, शझामच्या सिंहासनापाशी नेतो. शझाम म्हणतो, याला बरं करणं माझ्या हातात नाही, पण कॅप्टन मार्व्हल आपल्या शक्तीतला वाटा देऊ शकतो. फ्रेडी डोळे उघडतो, समोर कोण आहे ते ओळखतो आणि त्याच्या तोंडून निघतं, ‘कॅप्टन मार्व्हल!’ वीज पडते. अंगात निळा पोशाख, छातीवर पिवळी वीज, खांद्यावर लाल केप. पण वय तेवढंच राहतं. तो मोठा होत नाही, धडधाकट होतो. पुन्हा तेच नाव घेतलं की परत फ्रेडी. एक पाय अधू, काखेत कुबडी, रस्त्याच्या कोपऱ्यावर पेपर विकत उभा.

ताई: तेव्हा असे पोरवयाचे नायक बरेच होते का?

मी: होते, पण कुणाच्या तरी हाताखाली. रॉबिन बॅटमॅनच्या, बकी कॅप्टन अमेरिकाच्या. १९४२ च्या नोव्हेंबरपासून फ्रेडीचं स्वतःचं मासिक निघालं आणि १९५३ पर्यंत चाललं. बेकची चित्रं गोलसर, हसरी. फ्रेडीची चित्रं मॅक राबॉय काढायचा, आणि ती वेगळीच. सडपातळ, कोवळ्या वयाचा देह, स्नायूंचे डोंगर नाहीत, सावल्या अतिशय बारीक. राबॉयचा हात इतका सावकाश चालायचा की मुदत गाठायला आपल्याच जुन्या चित्रांच्या छायाप्रती काढून नव्या पानांवर चिकटवायचा. आता माझा प्रश्न. एका हाकेसरशी धडधाकट होता येत असताना हा पोरगा परत कुबडीवर का येतो? कायमचा ज्युनियर का राहत नाही?

ताई: तुझं उत्तर तयार असणार.

मी: आहे. ती शक्ती त्याला स्वतःच्या सुखासाठी मिळालेली नाही. दुसऱ्यावर संकट आलं की वापरायची, संपलं की ठेवून द्यायची. शक्तीचा मोह सोडून तो रोज आपल्या दुखऱ्या देहात परततो, यात मला त्याचं मोठेपण दिसतं. अशी परीक्षा सुपरमॅनला कधीच द्यावी लागत नाही.

ताई: बिलीला द्यावी लागते?

मी: तोही परततोच की.

ताई: कशात परततो? धडक्या पोराच्या देहात. त्यानं काय सोडलं? उंची आणि रुंद छाती. फ्रेडी पाय सोडतो. दोघांच्या त्यागाला तू एकच नाव देतोयस. आणि खरं सांगू? हे उत्तर धडधाकट माणसाचं आहे. चालता येणं हा मोह आहे असं तुला कधी वाटलंय? सकाळी उठून तू पायांचा त्याग करतोस का? तुझ्या बाबतीत जे साधं जगणं, ते फ्रेडीच्या बाबतीत चैन कसं झालं?

मी: कारण त्याच्याकडे ते जादूनं येतं.

ताई: माझ्याकडे पोलादाच्या दोन पट्ट्या आणि चामड्याच्या वाद्या यांनी येतं. सकाळी कॅलिपर चढवते, उभी राहते, गुडघ्याचं लॉक खाली पडलं की कट् असा आवाज होतो आणि मग पाय माझं वजन घेतो. रात्री काढून ठेवते. ते चढवलं म्हणून मी मोहाला बळी पडले असं कुणी म्हणत नाही. काढल्यावर जास्त थोर झाले असंही नाही.

मी: पण कॅलिपर चढवून तू उडत नाहीस, ताई. फ्रेडीला पायाबरोबर आभाळ मिळतं, गोळ्या अंगावर झेलायचं बळ मिळतं. पाय तेवढा घ्यावा आणि बाकीचं नको म्हणावं, अशी सोय त्या विजेत नाही. तो कायमचा ज्युनियर राहिला तर कायमचा अजिंक्य राहील. अजिंक्य माणूस हळूहळू दुसऱ्याचं दुखणं विसरतो. म्हणून परत यायचं.

ताई: हे जरा बरं बोललास. म्हणजे दुखणं आठवणीत राहावं म्हणून दुखणं सोसायचं.

मी: हो.

ताई: मग ही अट सगळ्यांना लाव. सुपरमॅनला लाव, कॅप्टन मार्व्हलला लाव. रोज रात्री एक पाय मोडून घ्या म्हणावं. दुसऱ्याच्या दुःखाची आठवण ठेवायचं काम नेमकं लंगड्या पोरावरच का टाकलंस?

मी: मी नाही टाकलं, गोष्टीनं टाकलं.

ताई: गोष्टीनं ते सोयीसाठी टाकलं. नायकाचं गुपित राहायला हवं, म्हणून त्याला साधं रूप हवं. तू त्यात थोरवी घातलीस.

मी: मग तुझ्या मते त्यानं परत येऊ नये?

ताई: तसंही म्हणत नाही. जरा सावकाश बघ. यातला खरा फ्रेडी कोणता? कुबडीचा पोरगा खरा असेल तर निळा पोशाख हे स्वप्न झालं, लंगडा पोरगा रोज बघतो ते. आणि निळा खरा असेल तर कुबडी हे सोंग झालं, सुपरमॅन ओळख लपवायला घालतो त्या क्लार्क केंटच्या चष्म्यासारखं. पहिल्यात आमच्या पदरी नुसतं स्वप्न येतं. दुसऱ्यात आमचं रोजचं जगणं हे कुणाचा तरी वेष होतं. मला दोन्ही नको आहेत.

मी: दोन्ही खरे. एकच पोरगा, दोन देह.

ताई: हे म्हणायला सोपं. दोन्ही खरे असतील तर दोन्ही सारखेच भरलेले दिसायला हवेत. निळ्या देहात तो काय काय करतो ते तू तासभर सांगशील. कुबडीच्या देहात काय करतो?

मी: पेपर विकतो. मिसेस वॅग्नर नावाच्या बाईच्या घरी भाड्यानं खोली घेऊन राहतो. गुन्हा घडताना दिसला की धावता येत नाही, म्हणून ते नाव घेतो.

ताई: बघ. लंगडेपणाचं काम एवढंच, धावता न येणं. त्या घराला जिने असतील ना? तो कसा चढतो? कुबडी असली की चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी अधू पाय खाली. हे शिकायला मला किती पडावं लागलं. जिन्यावर कठड्याची बाजू कोणती, हात मोकळा कोणता, पेपरचा गठ्ठा कुठल्या काखेत? एवढ्या बारीक हातानं काम करणाऱ्या राबॉयनं हे काढलंय का?

मी: मी वाचलेल्या गोष्टींत तरी नाही.

ताई: म्हणजे एक देह काढला आणि दुसरा नुसता सांगितला. त्यातल्या न काढलेल्या देहात परत जाणं थोर, असं तू म्हणतोस.

मी: तरी त्या देहामुळे काय साधलं तेही बघ. १९४१ साली नॅशनलनं, म्हणजे सुपरमॅनच्या मालकांनी, फॉसेटवर नक्कल केल्याचा दावा लावला. बारा वर्षांनी, १९५३ मध्ये, फॉसेटनं चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि ही सगळी मासिकं बंद केली. इंग्लंडमध्ये यांचे अंक छापणाऱ्या प्रकाशकाचा माल बंद झाला. त्यानं मिक अँग्लोकडून १९५४ मध्ये तशीच नवी पात्रं करून घेतली. कॅप्टन मार्व्हलच्या जागी मार्व्हलमन, ज्युनियरच्या जागी यंग मार्व्हलमन. हा डिकी डॉन्टलेस, निरोप पोचवणारा पोरगा. तोही आपल्या मोठ्या नायकाचं नाव घेतो आणि बदलतो. सगळं उचललं, फक्त कुबडी वगळली. आता त्या डिकीबद्दल तुला मला बोलायला काही उरतं का? परत येण्यात तो काहीच गमावत नाही. कुबडी गेली आणि प्रश्नच गेला.

ताई: म्हणजे तुझा प्रश्न जिवंत राहावा म्हणून पोरानं लंगडत राहायचं.

मी: तसं नाही…

ताई: तसंच आहे. आमच्याकडे बघून लोकांना जगण्याबद्दल काहीतरी सुचतं. शाळेत पाहुणे येतात, मला बघून मुलांना दोन शब्द सांगतात. मी त्या वेळी भूमितीचं प्रमेय शिकवत असते. ते मात्र कुणी ऐकत नाही.

मी: बरं, परतण्याचं क्षणभर बाजूला ठेवू. मला दुसरीकडे जास्त टोचतं. ही शक्ती देताना फ्रेडीला विचारलं कुणी? तो बेशुद्ध होता. आणि ठरवलं कुणी? बिलीनं. आपल्या मारामारीत दोन निरपराध सापडले ही बोच त्याला होती, म्हणून त्यानं आपल्यातलं काढून दिलं. त्या देण्याबरोबर जन्मभराची लढाई फ्रेडीच्या गळ्यात पडली.

ताई: विचारायला वेळ नव्हता. मरणाऱ्याला वाचवताना परवानगी घेत नाहीत.

मी: वाचवण्यापुरती नको. पण जगवलं म्हणून सैनिक करायचं? अमेरिका युद्धात उतरत होती, कोवळ्या पोरांच्या हाती नायकपण देणाऱ्या गोष्टी हव्याच होत्या. जो जगवतो त्याचा जगलेल्यावर असा हक्क असतो का?

ताई: हक्क नसतो. पण उपकार ही चीज तशीच आहे, देणारा काही मागत नाही आणि घेणारा फेडत बसतो. मला आईनं पाठीवर घेऊन शाळेत नेलं. तिनं कधी काही मागितलं नाही. मी शिक्षिका झाले ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. फ्रेडीचं यापेक्षा अवघड आहे. ज्याच्या उपकारात तो आहे त्याचंच नाव घेतल्याशिवाय त्याला उभंही राहता येत नाही.

मी: आणि निळ्या रूपात ते नाव घेतलं की सगळं जातं. म्हणजे मी कॅप्टन मार्व्हल ज्युनियर, अशी स्वतःची ओळखही त्याला देता येत नाही. पुढे डीसीनं, म्हणजे त्याच नॅशनलनं, हे पात्र घेतल्यावर नव्वदच्या दशकात यावर तोड म्हणून सीएम-थ्री असं नाव दिलं. २००६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत फ्रेडी एकेका देवाची परीक्षा देऊन स्वतःच शझाम नावाचा नायक होतो. तिथे शक्ती दान म्हणून येत नाही, तो ती कमावतो.

ताई: ते मला आवडलं. आणि शझामवरचा तो २०१९ चा सिनेमा आपण पाहिला तोही. त्यात फ्रेडी अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या एका कुटुंबात बिलीबरोबर राहतो, कुबडी घेऊन. शक्ती आधी बिलीला मिळते, पण सुपरहिरो म्हणजे काय, शक्ती कशी तपासायची, हे सगळं फ्रेडीला ठाऊक. बिलीला तोच शिकवतो. त्याच्या कुबडीच्या देहात पहिल्यांदाच मी काहीतरी भरलेलं पाहिलं. बडबड, हुशारी, खोटं बोलणं, मत्सरसुद्धा.

मी: पण तिथे वीज पडल्यावर तोही मोठा माणूस होतो, बिलीसारखा. १९४१ चा फ्रेडी पोरगाच राहायचा. माझ्या मते ते जास्त खरं होतं. पोराला शक्ती मिळाली म्हणून त्याचं पोरपण संपायला नको.

ताई: हे मान्य. पण परतण्याचं तुझं कारण अजून मान्य नाही.

मी: त्यानं परत यावं असं तुलाही वाटतं ना?

ताई: वाटतं. पण सद्गुण दाखवायला नको. कोपऱ्यावर त्याची गिऱ्हाइकं असतील, मिसेस वॅग्नरकडे जेवण थांबलं असेल. आजोबांनी ज्या पोराला होडीत बसवलं तो पोरगा तिथे असतो.

मी: आजोबांची आठवण निळ्या देहातही जात नाही. आणि जेवण काय, उडत जाऊनही गाठता येईल.

ताई: मग यातलं एकही कारण पुरत नाही.

मी: तुझ्याकडे दुसरं आहे?

ताई: नाही. पण ते त्याच्या जगण्यातून यायला हवं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तुला काही शिकता यावं म्हणून तो परत येणार असेल, तर मी त्याला सांगेन, बाबा, तू वरच राहा.

मी: मी सांगेन, खाली ये.

ताई: सांग. पण त्याआधी त्याला जिना चढताना काढ.